पॉपअपच्या वर कोण? झेड-इंडेक्सची जुनी भांडणं

फोनवर असं कधी झालंय का, पॉपअप उघडतो आणि त्याचं बंद करायचं बटण दुसऱ्याच पट्टीखाली दबलेलं असतं? फॉर्म अर्धा भरलेला, ना पुढे जाता येत, ना मागे. हे दुखणं पंचवीस वर्षांहून जुनं आहे.

१९९७ मध्ये नेटस्केप ४ ने थर रचायला स्वतःचा 'लेयर' टॅग आणला. मायक्रोसॉफ्टने तो घेतलाच नाही. मे १९९८ मध्ये सीएसएस २ आलं, त्यात झेड-इंडेक्स: ज्याचा आकडा मोठा, तो वर. किती सोपं, नाही का?

मग २००१ चा इंटरनेट एक्सप्लोरर ६. त्यात सिलेक्ट, म्हणजे आपण राज्य-जिल्हा निवडतो तो ड्रॉपडाउन, हा विंडोजचा वेगळा कंट्रोल होता, पानावर वरून चिकटवलेला. झेड-इंडेक्स दहा हजार द्या नाहीतर दहा लाख, पॉपअपमधून तो डोकं वर काढणारच! यावरचा जुगाड मला अजूनही भारी वाटतो. आयफ्रेम मात्र झेड-इंडेक्स पाळायची आणि सिलेक्टलाही झाकायची. म्हणून पॉपअपच्या बरोबर खाली त्याच मापाची रिकामी आयफ्रेम सरकवायची. बस्स. काही जण तर पॉपअप उघडला की सगळे ड्रॉपडाउन सरळ लपवून टाकायचे.

२००६ च्या आवृत्ती ७ ने सिलेक्ट सुधारला, पण दुसरा घोळ तसाच राहिला. थरांचे गट असतात. चाळीतल्या खोलीत स्टुलावर उभं राहिलात, तरी डोकं वरच्या मजल्याच्या वर जात नाही, तसं. नियमाप्रमाणे पोझिशन दिलेल्या डब्याला झेड-इंडेक्सचा आकडा दिला की गट बनतो. हा ब्राउझर आकडा नसतानाही बनवायचा. त्यामुळे फायरफॉक्समध्ये नीट दिसणारा मेनू इथे पुढच्या डब्याखाली जायचा. इलाज? मेनूचा नाही, त्याच्या बापाचा आकडा वाढवा. २००९ च्या आवृत्ती ८ मध्ये हे मिटलं.

सवय मात्र राहिली. आजही कोडमध्ये २,१४,७४,८३,६४७ हा आकडा सापडतो. ३२ बिटांच्या पूर्णांकाची ही कमाल मर्यादा. आणि बापावर ट्रान्सफॉर्म किंवा अर्धपारदर्शकता असेल, तर तोही फुकट, कारण त्यानेही गट बनतो.

यातून सुटका 'डायलॉग' टॅगने केली. शो-मोडल म्हटलं की तो सगळ्या गटांच्या वरच्या खास थरात जातो, आकडा लागतच नाही, आणि मागचं पान टॅप होत नाही. क्रोममध्ये हे २०१४ लाच आलं. फायरफॉक्स आणि सफारीत यायला मार्च २०२२ उजाडला.