गिझर बसविताना : भिंत, पाणी आणि तिसरी तार

दिवाळीच्या अभ्यंगस्नानासाठी पहाटे बंब पेटविण्याचे दिवस शहरांतून केव्हाच सरले. तांब्याचा तो बंब आता जुन्या वस्तूंच्या दुकानात किंवा एखाद्या हौशी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात शोभेसाठी उभा असतो. त्याची जागा विजेच्या गिझरने घेतली. हा गिझर विकत घेताना ग्राहक टाकीचा आकार, तारांकन, हमीची वर्षे अशी बारकाईने चौकशी करतो. तो भिंतीवर चढविताना मात्र 'येईल तो माणूस बसवून देईल' एवढ्यावरच त्याची भिस्त असते. वास्तविक वीज, पाणी आणि ओले अंग या तिहींची गाठ रोजच्या रोज पडावी, असे घरातले उपकरण हेच. म्हणून दुकानातल्या निवडीपेक्षा घरातली जोडणी अधिक महत्त्वाची ठरते.

निवडीचा भाग तसा थोडक्यात आटोपण्यासारखा आहे. हिवाळ्यात २० अंश सेल्सिअसवर असलेले २५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत नेण्यास २ किलोवॅटच्या गिझरला सुमारे ३५ मिनिटे आणि साधारण सव्वा युनिट वीज लागते. या उकळत्यासारख्या पाण्याने कोणी स्नान करीत नाही. त्यात तेवढेच थंड पाणी मिसळले की ४० अंशांचे ५० लिटर पाणी होते. बादलीने स्नान करणाऱ्या दोघा-तिघांच्या कुटुंबास १५ लिटरची टाकीही त्यामुळे पुरते. फवाऱ्याखाली उभे राहण्याची सवय असेल तर गणित बदलते. ३ किलोवॅटचा छोटा 'इन्स्टंट' गिझर स्वयंपाकघरातील भांड्यांसाठी ठीक. २० अंशांनी पाणी तापवायचे म्हटले तर तो मिनिटाला जेमतेम दोन लिटर पाणी देतो; १८ लिटरची बादली भरण्यास आठ मिनिटांहून अधिक वेळ लागतो. खोक्यावरील तारे टाकी चोवीस तासांत किती उष्णता वाया घालविते यावर दिलेले असतात, पाणी किती लवकर तापते यावर नव्हे, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. आयएसआय चिन्ह पाहून घ्यावे, हे सांगायला नकोच.

खरी परीक्षा सुरू होते ती वायरमन घरात आल्यावर. २ किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे पावणेनऊ अँपिअर, तर ३ किलोवॅटचा १३ अँपिअर वीजप्रवाह ओढतो. पंखा-दिव्याच्या बारीक तारेवर किंवा ६ अँपिअरच्या सॉकेटवर हा भार टाकणे म्हणजे भिंतीच्या आत तार तापत ठेवणे होय. गिझरसाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र तांब्याची तार ओढलेली असावी. २ किलोवॅटसाठी अडीच चौरस मिलिमीटर, ३ किलोवॅटसाठी चार चौरस मिलिमीटर जाडीची तार सर्वसाधारणपणे वापरतात. तिच्यावर स्वतंत्र एमसीबी हवी. एक्स्टेन्शन बोर्डाला गिझर जोडणे हा तर शुद्ध अविचार. गिरगाव-दादरच्या जुन्या चाळींत आणि पुण्यातील पेठांतल्या वाड्यांत काही ठिकाणी अजून ॲल्युमिनिअमच्या जुन्या तारा आहेत. तेथे नवा गिझर घेण्याआधी नवी तार ओढावी लागते. दोन न्हाणीघरांत दोन गिझर बसविण्याचा बेत असेल, तर वीज कंपनीकडून घराला मंजूर झालेला भार किती आहे, हे बिलावर पाहून घेणे इष्ट. तो तेथे छापलेला असतो.

यानंतरचा प्रश्न तिसऱ्या तारेचा, अर्थात अर्थिंगचा. गिझरच्या टाकीत पाणी तापविणारी कांडी धातूच्या आवरणात बसविलेली असते. क्षारांनी ते आवरण कालांतराने कुरतडले जाते, त्याला चीर पडते आणि आतली वीज पाण्यात व टाकीच्या धातूत उतरते. अर्थिंग व्यवस्थित असेल तर ही वीज तिसऱ्या तारेवाटे निघून जाते आणि एमसीबी खाली पडते. अर्थिंग नसेल तर ती वाट पाहत राहते. ओल्या हाताने नळ फिरविणारा माणूस मग तिची वाट बनतो. तीन पिनांचे सॉकेट भिंतीवर दिसले म्हणजे अर्थिंग आहे, असे समजण्याची चूक सर्रास होते. तिसऱ्या छिद्रामागे तार आहे का, आणि ती खरोखर इमारतीच्या अर्थिंगपर्यंत पोहोचते का, हे सॉकेट उघडून तपासल्याखेरीज कळत नाही.

याहून घातक प्रकार म्हणजे खोटे अर्थिंग. इमारतीत तिसरी तारच नसते, ग्राहकाला तर तीन पिनांचा गिझर आजच सुरू करून हवा असतो. मग सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थिंगच्या पिनांमध्ये तारेचा एक लहानसा तुकडा जोडून दिला जातो. तपासणीचा दिवा लावून पाहिला तर तो झगझगीत पेटतो, सगळे आलबेल आहे असे वाटते. मात्र मागे कोठे न्यूट्रलची तार तुटली किंवा बोर्डात फेज व न्यूट्रलची अदलाबदल झाली, की त्या तुकड्यामार्गे गिझरच्या सबंध टाकीत २३० व्होल्टची वीज उतरते. उपकरणात कोणताही दोष नसताना हे घडू शकते. पाण्याच्या लोखंडी नळाला अर्थिंगची तार गुंडाळण्याची जुनी रीतही अशीच सोडून द्यावी अशी. इमारतीत आता मधूनमधून प्लॅस्टिकचे नळ बसले आहेत. त्यामुळे ती वीज जमिनीपर्यंत पोहोचतच नाही, उलट वरच्या किंवा खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याच्या नळाला झटका बसण्याची शक्यता निर्माण होते.

खरे अर्थिंग असले तरी त्याच्या जोडीला आरसीसीबी हवीच. एमसीबी आणि आरसीसीबी यांत लोक गल्लत करतात. एमसीबी तारेचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. १६ अँपिअरची एमसीबी पडण्याच्या कितीतरी आधी माणसाचा प्राण जाऊ शकतो. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी मात्र जाणारा व परत येणारा प्रवाह सतत ताडून पाहते आणि तेवढीशी तफावत आढळताच सेकंदाच्या अंशात वीज तोडते. ती घेताना ३० हाच आकडा पाहावा. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरच्या आरसीसीबी आगीपासून संरक्षणासाठी असतात, त्यांच्यावर माणसाने विसंबू नये. खोट्या अर्थिंगच्या ठिकाणी मात्र हीसुद्धा फसते. टाकीत उतरलेली वीज न्यूट्रलवाटेच परत जात असल्याने तिला गळती दिसतच नाही. बऱ्याच घरांतून एक तक्रार ऐकू येते : 'आरसीसीबी सारखी पडत होती, म्हणून काढूनच टाकली.' ती पडत होती याचा अर्थ कोठेतरी गळती होती. पुष्कळदा ती गळती गिझरच्या कांडीतच असते. आरसीसीबीवरील 'टी' अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबून ती पडते की नाही, हे पाहण्यास अर्धा मिनिटही लागत नाही.

गिझरचे बटण न्हाणीघराबाहेर असणे उत्तम. ते फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकदम तोडणारे, दिवा असलेले असावे. साधे बटण एकच तार तोडते. बोर्डात तारा उलट जोडल्या गेल्या असतील, तर बटण बंद असतानाही गिझरमध्ये वीज हजर असते. स्नानाआधी बटण बंद करण्याची आजीची सवय त्यामुळे हसण्यावारी नेण्यासारखी नाही, तिला फक्त योग्य बटणाची जोड हवी.

भिंतीचा विचार सहसा सर्वांत शेवटी होतो. पाण्याने भरलेल्या २५ लिटरच्या गिझरचे वजन ३५ किलोच्या घरात जाते. जुन्या विटांच्या भिंतीला ते जड नाही. नव्या इमारतींतील हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या भिंतींत मात्र नेहमीचे खिळे-बोल्ट काही महिन्यांत सैल होतात. तेथे अशा ब्लॉकसाठी बनविलेले खास फास्टनर किंवा रासायनिक अँकर वापरावे लागतात. भिंतीवर बोटांनी वाजवून पाहिले तरी फरक कळतो. छिद्र पाडताना आतून गेलेला नळ फुटण्याचा आणि जलरोधक थर दुखावण्याचा धोका असतो. पुढे खालच्या घराच्या छतावर ओल उतरते आणि गृहनिर्माण सोसायटीच्या सभेत वादाला तोंड फुटते. आदर्श उपविधींनुसार न्हाणीघरातील अंतर्गत गळतीच्या दुरुस्तीचा खर्च सदस्यालाच सोसावा लागतो, हे तेव्हा अनेकांना प्रथमच कळते. टाकी माळ्यावर कोंबून बसविण्याचा मोह मुंबईच्या लहान घरांत होतोच. पण दुरुस्तीसाठी खालचे झाकण उघडण्याइतकी मोकळी जागा ठेवली नाही, तर प्रत्येक वेळी अख्खी टाकी उतरवावी लागते.

पाण्याच्या दाबाचाही एक उलटा हिशेब आहे. गच्चीवरील टाकीपासून दर दहा मीटर खाली आले की दाब सुमारे एक बारने वाढतो. वीस मजली इमारतीत हा त्रास वरच्यांना नव्हे तर खालच्या मजल्यांना होतो. इमारतीत दाब कमी करणारी व्यवस्था नसेल, तर तेथे सहा बारपर्यंत दाब येऊ शकतो. वरच्या मजल्यांवर दाब वाढविणारा पंप बसविलेला असेल तर त्यांनाही हाच विचार लागू. अशा घरांसाठी ८ बार दाब सोसणारी टाकी मागून घ्यावी.

टाकीच्या थंड पाण्याच्या तोंडाशी पितळेची एक छोटी झडप असते. तापलेले पाणी मागे जाऊ न देणे आणि दाब वाढल्यास थोडे पाणी सोडून देणे, ही तिची दोन कामे. २५ अंशांचे २५ लिटर पाणी ६५ अंशांपर्यंत तापले की सुमारे ४०० मिलिलिटरने फुगते. ते वाढीव पाणी बाहेर पडण्याची वाट हीच. गिझर तापत असताना या झडपेतून थेंब पडणे हा दोष नव्हे, ते तिचे कर्तव्यच आहे. 'सारखे ठिबकते' म्हणून तिचे तोंड बंद करून टाकण्याचे प्रकार घडतात, तेव्हा टाकी फुटण्याची तजवीज स्वहस्ते होत असते. झडप आणि टाकी यांच्यामध्ये दुसरा कोणताही कॉक बसवू नये. तिच्या तोंडाला छोटी नळी जोडून ती मोरीत सोडली, की ठिबकण्याचा त्रासही उरत नाही.

गरम पाण्याच्या बाजूला सीपीव्हीसीचा नळ हवा. साधा पीव्हीसी नळ ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो आणि त्याचे सांधे सुटतात.

जोडणी पूर्ण झाल्यावर आधी पाणी, मग वीज हा क्रम कधी मोडू नये. गरम पाण्याचा नळ उघडून त्यातून अखंड धार येऊ लागली म्हणजे टाकी भरली. रिकाम्या टाकीत वीज सुरू केल्यास कांडी काही वेळातच जळून जाते आणि हमीच्या कागदावरून वाद सुरू होतो. इमारतीत नळकाम चालू असेल किंवा गच्चीवरची टाकी रिकामी झाली असेल, तेव्हाही हीच काळजी घ्यावी.

थर्मोस्टॅट ६० अंशांच्या आसपास ठेवणे सामान्यतः योग्य. याहून खाली टाकीत जंतू वाढण्यास वाव मिळतो, याहून वर वीज अधिक खर्च होते आणि क्षारही जास्त साचतात. मात्र ६० अंशांचे पाणी थेट अंगावर पडले तर पाचेक सेकंदांत त्वचा गंभीर भाजू शकते. लहान मुले आणि वृद्ध असलेल्या घरात बादलीत आधी थंड पाणी, मग गरम, हा शिरस्ता मोडू देऊ नये.

पाणी कोठले, यावर गिझरचे आयुष्य बरेचसे अवलंबून असते. तानसा, भातसा, वैतरणेचे पाणी तुलनेने मृदू. याउलट बोअरवेल किंवा टँकरवर भागविणाऱ्या उपनगरी वसाहतींत कांडीवर पांढरा थर भराभर जमतो. पाणी तापण्यास वेळ लागू लागतो, टाकीतून तडतड असा आवाज येतो. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी मुद्दाम झिजण्यासाठी ठेवलेली असते. ती स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचविते. क्षारयुक्त पाण्याच्या घरात ती वर्षातून एकदा, अन्यत्र दोन वर्षांनी तपासून घ्यावी. ती संपली की टाकी झिजू लागते.

विजेच्या या कटकटींपेक्षा गॅस गिझर बरा, असे म्हणणारेही आहेत. पण कोंडलेल्या न्हाणीघरात गॅस गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइडने गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतच असतात. या वायूला रंग नाही, वास नाही. तो बसवायचाच तर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत.

काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून करून घ्यावे. कंपनीचा माणूस गिझर टांगून जातो, तार आणि अर्थिंग ही त्याची जबाबदारी नसते, असा अनुभव सार्वत्रिक आहे. घरमालकाने त्याच्यासमोरच सॉकेट उघडायला लावून तिसरी तार डोळ्यांनी पाहावी, आरसीसीबीचे बटण दाबून वीज जाते का ते तपासावे आणि झडपेचे तोंड मोकळे आहे याची खात्री करावी. दहा वर्षांपूर्वी बसविलेल्या जुन्या गिझरच्या बाबतीतही ही तपासणी करण्यास यंदाची थंडी सुरू होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.