एका स्टेशनात दोन स्टेशनमास्तर

तर झालं असं की नागभीडच्या आमच्या घरी पावसाळ्यापासून एक तक्रार चालू होती. संध्याकाळ झाली की इंटरनेट बंद. बंद म्हणजे तसं अगदी बंदही नाही. मोबाइलवर वाय-फायचं चिन्ह पूर्ण भरलेलं दिसायचं, पण एक पान उघडायचं नाही. त्यातही गंमत अशी की दादाच्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत आणि पुतणीच्या मोबाइलवर काहीच नाही. राउटर बंद करून चालू केला की कधी चालायचं, कधी नाही.

लाइनमन तीनदा येऊन गेला. विशीतला पोरगा. खांबावर चढला, फायबरचं टोक नवीन लावून दिलं, मीटर लावून उजेड मोजला आणि म्हणाला, "लाइन बराबर आहे जी. तुमच्या घरातच काहीतरी आहे."

हे कुणालाच पटलं नाही. "हे लोक असंच म्हणतात," दादा म्हणाला.

मग एका रात्री पुतणीचा परीक्षेचा अर्ज अडकला. शेवटची तारीख, मोबाइलचं नेटवर्क पावसात गेलेलं, आणि वाय-फायवर पैसे भरायच्या पानावर नुसतं गोल फिरतंय. शेवटी ती छत्री घेऊन मैत्रिणीकडे गेली आणि तिथून अर्ज भरला. अर्ज गेला, पण दादाचा पारा चढला. त्याने पुण्याला मला फोन करून तक्रार लिहायला सांगितली. मी इथे बसून, काहीही न तपासता, लिहून दिली. 'कर्मचारी उडवाउडवीची उत्तरे देतो' हे वाक्य माझं. दादाचं नाही. हे आधीच कबूल करून टाकतो.

आता थोडं मागे जाऊ.

ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि १९८४ मध्ये सरकारने देशभर लहान ट्रान्समीटर भराभर उभारले, तेव्हा कुठे दूरदर्शन मोठ्या शहरांबाहेर पडलं. जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झालं त्या काळात आमच्याकडे कौलांवर, बांबूला बांधलेला अँटेना असायचा. एकाने वर चढून तो फिरवायचा आणि दुसऱ्याने खालून "आलं... आलं... गेलं!" असं ओरडायचं. ज्यांनी हे केलंय त्यांना जास्त सांगायला नको :)

त्या टीव्हीची एक गोष्ट मला आता फार मोलाची वाटते. त्याला त्रास कोण देतंय ते तो स्वतःच दाखवायचा. शेजारी मिक्सर लागला की पडद्यावर रेघा. रस्त्यावरून लुना गेली की ठिपके. मिक्सरच्या मोटारीत आणि लुनाच्या प्लगमध्ये ठिणग्या उडतात, त्यातून रेडिओलहरी निघतात, अँटेना त्या पकडतो आणि टीव्ही बिचारा त्यांचंही चित्र काढतो. बिघाड डोळ्यांना दिसायचा आणि त्याची वेळही कळायची. आई सरळ खिडकीतून सांगायची, "अहो, चटणी थोड्या वेळानं वाटा ना जी!"

मग छत्र्या आल्या. १९९१ च्या आखाती युद्धापासून शहरांत उपग्रहवाहिन्यांचं वेड सुरू झालं, ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही आला, आणि गल्लोगल्ली केबलवाले उभे राहिले. पण केबल ही दाट वस्तीची सोय. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या गावात दहा घरांसाठी वायर कोण ओढणार? तिथे फरक पडला तो डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस सेवा आली तेव्हा. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की महिन्याचं भाडं नाही. म्हणजे सेट टॉप बॉक्स ही काही फक्त शहरी चैन नव्हती. शहरांतल्या केबलला बॉक्स सक्तीचा झाला तो नंतर. नागपूरसाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत होती, आणि उरलेल्या सगळ्या भागासाठी वाढवत वाढवत ती ३१ मार्च २०१७ वर आली.

या सगळ्या बॉक्सचा स्वभाव एकच. वरून आलेलं घ्यायचं, उलगडायचं आणि टीव्हीला द्यायचं. घरातल्या बाकी कशाशी त्याचा संबंध नाही. टीव्हीखाली मुकाट बसलेला डबा.

इंटरनेट दुसऱ्या वाटेनं आलं. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड सुरू केलं, पुढे फायबर आलं. कित्येक वर्षं या दोन वाटा घरात एकमेकींना भेटल्याच नाहीत. मग असे बॉक्स आले ज्यांना मागे लॅनचं भोक असतं, वाय-फाय असतं, ज्यांच्यावर यूट्यूबही दिसतं. दादाने उन्हाळ्यात असाच एक घेतला आणि राउटरपासून त्याला वायर जोडली. मुकाट बसणारा डबा त्या दिवशी बोलायला लागला. आणि आमच्या कुणाच्याच ते लक्षात आलं नाही, कारण आता पडद्यावर रेघा येत नाहीत.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा वसुबारसेच्या संध्याकाळी बसलो. पुतणीच्या मोबाइलवर वाय-फायची माहिती उघडली. बाहेर जायचा दरवाजा, म्हणजे गेटवे, लिहिला होता १९२.१६८.०.१. दादाच्या लॅपटॉपवर तोच होता १९२.१६८.१.१. आमचा राउटर १.१ वाला. मग हा ०.१ कोण?

घरातल्या वायरी एकेक करून काढल्या. सेट टॉप बॉक्सची काढली, मोबाइलचं वाय-फाय बंद करून चालू केलं, आणि दरवाजा बरोबर दिसायला लागला. पुन्हा जोडली, पुन्हा बिघडलं. चाळीस मिनिटांचं काम.

हे असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. घरातल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो. १९२.१६८ ने सुरू होणारे आकडे अशा खासगी वापरासाठी राखीव असल्याचं फेब्रुवारी १९९६ च्या दस्तऐवजात नोंदवलेलं आहे. हे पत्ते आपोआप वाटायच्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. अमेरिकेतल्या बकनेल विद्यापीठातले राल्फ ड्रोम्स यांनी तिचा पहिला मसुदा ऑक्टोबर १९९३ मध्ये लिहिला आणि मार्च १९९७ चा त्यांचाच सुधारित मसुदा आजही पायाभूत आहे. पद्धत साधी. नवीन आलेला मोबाइल सगळ्यांना ओरडून विचारतो, "इथे पत्ते कोण देतं?" जो उत्तर देईल, बहुधा जो आधी देईल, त्याच्याकडून पत्ता घेतो आणि बाहेरचा दरवाजाही त्यालाच विचारतो. "पण तू खरा कशावरून?" हे विचारायची सोय त्यात नाही. २००१ मध्ये ती वेगळ्या मसुद्यात सुचवली गेली, पण फारशी कुणी वापरली नाही. मोठ्या ऑफिसांतल्या स्विचमध्ये याचा बंदोबस्त करता येतो. घरच्या राउटरमध्ये सहसा नसतो.

आमच्या बॉक्समध्ये स्वतःचं वाय-फाय पसरवायची सोय होती. ती चालू राहिली होती, आणि तिच्यासोबत पत्ते वाटणंही. वहिनी सात वाजता मालिकांसाठी बॉक्स लावायची, तेव्हापासून घरात पत्ते देणारे दोघे. बॉक्सकडे बाहेरचा रस्ताच नव्हता, पण तो ठासून सांगायचा की दरवाजा मीच. लॅपटॉप दिवसभर चालूच असायचा. पत्त्याची मुदत निम्मी सरली की यंत्र आधी ज्याने पत्ता दिला त्याच्याचकडे वाढ मागतं, म्हणून तो राउटरलाच धरून होता. पुतणी संध्याकाळी क्लासहून यायची, तिचा मोबाइल नव्याने विचारायचा आणि बॉक्सच्या हाती लागायचा.

नागभीडकरांना हे रेल्वेच्या भाषेत चटकन कळेल. आपलं जंक्शन १९०८ पासूनचं, बंगाल-नागपूर रेल्वेच्या नॅरोगेजच्या काळातलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद होईपर्यंत नागपूरची छोटी गाडी एकाच रुळावरून यायची-जायची. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांनी दोन वेगळे हुकूम दिले तर काय होतं हे जग फार पूर्वी शिकलं. इंग्लंडात नॉर्विचजवळ थॉर्प इथे १० सप्टेंबर १८७४ च्या रात्री अधिकाऱ्याची सही नसलेली एक तार पुढे गेली, समोरच्या स्टेशनने ती खरी मानून गाडी सोडली, आणि दोन गाड्या समोरासमोर आल्या. वीसहून जास्त माणसं गेली. त्यानंतर १८७८ मध्ये एडवर्ड टायर यांनी असं यंत्र केलं की दोन्ही स्टेशनांच्या संमतीशिवाय टोकन निघत नाही, आणि एक बाहेर असताना दुसरं निघतच नाही. वेताच्या कड्यात अडकवलेला तो गोळा ड्रायव्हरच्या हाती देताना जुन्या मंडळींनी पाहिला असेल. स्टेशनमास्तर चुकू शकतो हे रेल्वेने धरूनच ठेवलं. घरच्या नेटवर्कने मात्र धरलं की घरात सगळे आपलेच.

आपण एकटे नाही, बरं का. वेल्समध्ये अ‍ॅबरहोसन नावाचं खेडं आहे. तिथे रोज सकाळी सातला गावाचं इंटरनेट बिघडायचं, दीड वर्ष. कंपनीने केबलसुद्धा बदलून पाहिली. शेवटी २०२० मध्ये इंजिनिअर पहाटे पावसात यंत्र घेऊन गावभर फिरले, आणि सातच्या ठोक्याला विजेच्या गोंगाटाचा झटका सापडला. एका घरातला जुना टीव्ही त्या वेळी चालू व्हायचा. बिघाडाची जात आमच्यापेक्षा वेगळी, आमच्या मिक्सरच्या रेघांची. पण तिथेही आधी शोध झाला तो तारेचा.

नातेवाईक मंडळींसाठी थोडक्यात. ठरावीक वेळीच नेट जात असेल तर त्या वेळी घरात काय चालू होतं ते बघा. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या यंत्राचा गेटवे ताडून पाहा. वेगळा असेल तर वायरी एकेक करून काढा. बॉक्सच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट बंद करा, नाहीच जमलं तर त्याची लॅनची वायर काढून ठेवा, टीव्ही तरीही दिसतो. मग राउटर आणि मोबाइलचं वाय-फाय एकदा बंद-चालू करा.

आता राहिलं माझं वाक्य. तक्रार मागे घ्यायला फोन केला तर कळलं की नोंदलेली तक्रार मागे घेता येत नाही, फक्त 'निवारण झाले' असा शेरा मारता येतो. आणि त्या पोराचे दोन दिवसांचे पैसे कापले गेले होते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्याला घरी बोलावलं. ती तक्रार मी लिहिली होती, हे त्याला सांगितलं. तो थोडा वेळ चिवड्याच्या बशीकडे बघत राहिला, मग म्हणाला, "असू द्या जी." दादाने त्याला पैसे द्यायचा प्रयत्न केला, त्याने घेतले नाहीत.

मग त्याने तो बॉक्स मागितला. सेटिंगचं पान उघडून मोबाइलमध्ये फोटो काढला. "असाच डबा अजून दोघांकडे आहे. तिथंही संध्याकाळीच जाते," म्हणाला, आणि चहा तसाच ठेवून गाडीला किक मारून तिकडेच निघाला.