गुन्हेगाराचा चेहरा शोधताना सापडलेला माणूस

१/ इ. स. १८७७. चार्ल्स डार्विनच्या सावत्र आत्याचा मुलगा फ्रान्सिस गाल्टन लंडनमध्ये कैद्यांची छायाचित्रे न्याहाळत होता. इंग्लंडच्या तुरुंग प्रशासनाचा प्रमुख एडमंड डू केन याने ती पुरवली होती. गुन्हेगाराला काही खास चेहरा असतो का, हे गाल्टनला पाहायचे होते.

२/ चेहऱ्यावरून स्वभाव ओळखता येतो, ही समजूत जुनीच. आपल्याकडे तिचे सामुद्रिकशास्त्र झाले. युरोपातही तिच्यावर ग्रंथ लिहिले गेले. १८७६ मध्ये इटलीच्या चेझारे लोंब्रोझोने तर गुन्हेगारी प्रवृत्ती शरीरावरच उमटलेली असते, असे मांडणारे पुस्तक प्रसिद्ध केले होते.

३/ गाल्टनची युक्ती साधी होती. समजा, एका छायाचित्राची प्रत घेण्यास ८० सेकंदांचा प्रकाश लागतो. मग आठ जणांची छायाचित्रे, डोळे बरोबर डोळ्यांवर येतील अशा बेताने, एकाच काचेवर प्रत्येकी १० सेकंद उमटवायची.

४/ जे सर्वांत समान, ते गडद होत जाते. जे एकाचेच, ते पुसट होते. शेवटी काचेवर उरतो एक ‘सरासरी’ चेहरा. आजचे संगणकीय मिश्रचित्र याच तत्त्वावर उभे आहे.

५/ खुनी व दरोडेखोरांच्या मिश्रचित्रात एखादी क्रूर मुद्रा प्रकटेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात उमटला एक साधा, काहीसा सौम्य माणूस! मूळ चेहऱ्यांतील उग्रपणा विरून गेला आणि सर्वांतले सामान्य माणूसपण उरले, हे १८७८ च्या निबंधात गाल्टनने स्वतःच मान्य केले.

६/ पुढे क्षयरोग्यांची पाळी आली. या कामी सोबत होता डॉ. फ्रेडरिक अकबर महोमेद. पाटण्याहून इंग्लंडला गेलेल्या आणि १७९४ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिणाऱ्या शेख दीन महोमेद यांचा हा नातू. चारशेहून अधिक रुग्णांची छायाचित्रे अभ्यासली गेली. १८८२ चा निष्कर्ष होता, क्षयाचा असा खास चेहरा नाही.

७/ दोनदा पुरावा विरुद्ध गेला. तरीही १८८३ च्या ग्रंथात गाल्टनने ‘युजेनिक्स’ हा शब्द घडवला. ‘चांगल्या’ वंशाची वाढ करावी आणि ‘हीन’ वंशाला आळा घालावा, हा त्यामागचा विचार. त्याच ग्रंथाच्या मुखपृष्ठासमोर मिश्रचित्रे छापली होती. विसाव्या शतकात या विचाराच्या नावाने अनेक देशांत सक्तीच्या नसबंदीचे कायदे झाले.

८/ मिश्रचित्र मूळ चेहऱ्यांहून देखणे दिसते, हेही गाल्टनने नोंदवले होते. १९९० मध्ये अमेरिकेतील ज्युडिथ लँगलॉइस व लोरी रॉगमन यांनी संगणकावर हे तपासले. १६ किंवा ३२ चेहरे मिसळून केलेली चित्रे पाहणाऱ्यांना सुट्या चेहऱ्यांपेक्षा अधिक आकर्षक वाटली.

९/ असे का व्हावे? सरासरीत व्रण, सुरकुत्या आणि डाव्या-उजव्या बाजूंतला फरक पुसला जातो. शिवाय आयुष्यभर पाहिलेल्या चेहऱ्यांवरून मनात एक साचा तयार होतो. त्याच्याशी जुळणारा चेहरा ओळखीचा आणि म्हणून विश्वासाचा वाटतो, असे अनेक मानसशास्त्रज्ञ मानतात.

१०/ २०१६ मध्ये चीनमधील दोन संशोधकांनी दावा केला की, संगणक छायाचित्रावरून गुन्हेगार ओळखू शकतो. टीकाकारांनी चित्रे पुन्हा पाहिली, तेव्हा निरपराधांच्या ओठांवर स्मिताची छटा दिसली. अनेकांच्या अंगात कॉलरचा शर्टही होता. यंत्राने गुन्हा नव्हे, बहुधा छायाचित्र काढण्याची रीतच ओळखली होती.

११/ मिश्रचित्रातला माणूस जगात कोठेही राहत नाही. त्याच्यावर खटला चालत नाही, त्याला शिक्षाही होत नाही. ती भोगावी लागते खऱ्या चेहऱ्याच्या माणसाला. गाल्टनच्या काचेने हे दीडशे वर्षांपूर्वीच दाखवले होते. ते मानण्याची तयारी मात्र गाल्टनची नव्हती.