आजीच्या वाट्याची शाळा

माझ्या आजीला फोनवर आलेला ओटीपी वाचता येतो, पण तो मेसेज कुठल्या बँकेचा आहे ते वाचता येत नाही. आकडे ती बाजारहाट करता करता शिकली. अक्षरं शिकायला शाळा लागते, तिथे तिला कुणी पाठवलं नाही. तिचा जन्म १९५२चा. मी तिचा नातू, सरकारी कॉलेजातून इंजिनिअर झालेला. देश गरीब होता, त्याला कोण काय करणार, असं मला वाटायचं. इतिहास वाचायला लागल्यावर हे उत्तर पटेनासं झालं.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यांचा हिशेब सरळ होता: सरकारचा महसूल मुख्यतः शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. वरच्यांना शिकवलं की विद्या आपोआप खाली झिरपेल, हे सरकारी गृहीतक त्यांनी खोडून काढलं. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती.

१९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी हीच मागणी मध्यवर्ती कायदेमंडळात नेली. विधेयक अगदी मवाळ होतं. सक्ती करायची की नाही ते नगरपालिका आणि जिल्हा बोर्डांनी ठरवायचं, तेही सरकारच्या परवानगीने; वय सहा ते दहा, सुरुवात मुलग्यांपासून. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. विरोधात इंग्रज अधिकारी होतेच, पण काही हिंदी सभासदही होते.

पैसा नव्हता म्हणावं, तर बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्येच सक्तीचं शिक्षण राज्यभर नेलं होतं. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात तसाच हुकूम काढला. ही संस्थानं काही ब्रिटिश सरकारपेक्षा श्रीमंत नव्हती.

पुढे राज्य आपलं झालं. घटनेच्या मसुद्यात प्रत्येक नागरिकाला मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्क आहे, अशा अर्थाची शब्दरचना होती. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत दुरुस्ती आली आणि 'हक्का'ची भाषा गळली. उरलं कलम ४५: चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना दहा वर्षांत मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा राज्य प्रयत्न करील. हे मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्यासाठी कोर्टात जाण्याची सोय नव्हती.

ती मुदत जानेवारी १९६०मध्ये संपली. तोवर खरगपूर, मुंबई, मद्रास आणि कानपूर अशा चार आयआयटी उभ्या राहिल्या होत्या. १९६१च्या जनगणनेत मात्र दर चार माणसांत साधारण एकालाच लिहिता-वाचता येत होतं. बायकांत तर सात-आठ जणींमागे एक. आजी तेव्हा शाळेच्या वयाची होती.

आयआयटी काढणं चुकलं, असं मी म्हणत नाही. कारखान्यांना आणि धरणांना इंजिनिअर हवेच होते. प्रश्न असा की, एक काम झालं आणि दुसऱ्याची मुदत गेली, तेव्हा आरडाओरडा का झाला नाही? कारण ज्यांना वर्तमानपत्रात पत्र लिहिता येत होतं, त्यांची मुलं शाळेत होती. ज्यांची मुलं गुरांमागे होती, त्यांना अर्जसुद्धा दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागत होता.

शिक्षण मूलभूत हक्क झालं २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने. त्याचा कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. आजी तोवर साठीला टेकली होती.

आजही एखाद्या शहराला मोठी संस्था मिळणार म्हटलं की पळवापळवी सुरू होते. दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत तिसरा शिक्षक यावा म्हणून मी कधी एक पोस्टही लिहिलेली नाही.

परवा आजीने विचारलं, "तुझ्या कॉलेजाला किती खर्च आला रे?" मी फीचा आकडा सांगितला. खरा खर्च त्याहून बराच जास्त होता. उरलेला सरकारने भरला, म्हणजे करातून. तो कर आजीनेही भरलाय. काडेपेटीवरसुद्धा अबकारी होती. फुल्यांचा हिशेब आमच्या घरातच निघाला. तिला तो अजून सांगितलेला नाही.