उंबरठ्याबाहेरचे ग्रंथालय : ई-संसाधनांच्या दूरस्थ प्रवेशाचा इतिहास

एक नेहमीचा प्रसंग घ्या. दुपारी भिलाईतल्या आपल्या महाविद्यालयात बसून तुम्ही एक शोधनिबंध उघडता आणि तो लगेच उघडतो. संध्याकाळी सुपेल्यातल्या किंवा दुर्गमधल्या घरून तीच लिंक उघडली, तर पैसे भरा अशी सूचना येते. निबंध तोच, वाचकही तोच. मग बदलले काय? याचे उत्तर इतिहासात आहे.

पेटीतली पुस्तके

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेल्या महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास बोलावले. तेथे उभ्या राहिलेल्या ग्रंथालय खात्याने पुस्तके लाकडी पेट्यांत भरून खेड्यापाड्यांत पाठवण्याची सोय केली. वाहतुकीचा खर्च संस्थान करी. या व्यवस्थेतल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा : पुस्तक वाचकाकडे गेले, आणि भाडे कोणीतरी भरले. पुढचा सगळा इतिहास या दोन गोष्टींभोवतीच फिरतो.

भिंत पुन्हा उभी राहते

छापील नियतकालिक ग्रंथालय विकत घेत असे. एकदा घेतलेला अंक कपाटात कायम राही. जो आत येई, तो वाचू शके. १९९० च्या दशकात नियतकालिके इंटरनेटवर आली आणि व्यवहाराचे स्वरूप बदलले. प्रकाशक आता प्रत विकत नाही, तर ठरावीक मुदतीसाठी वाचण्याची परवानगी देतो.

परवानगी कोणाला आहे, हे ओळखायचे कसे? सोपा उपाय निघाला तो आयपी पत्त्याचा. महाविद्यालय आपल्या जोडणीचे आयपी पत्ते प्रकाशकाला कळवते. त्या पत्त्यांवरून आलेली मागणी मान्य होते. घरचा पत्ता दूरसंचार कंपनीचा असतो, म्हणून तो नाकारला जातो. म्हणजे संगणक तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही बसलेली जागा ओळखतो. कागदाच्या काळातली आवाराची भिंत अशी इंटरनेटवरही उभी राहिली.

दोन किल्ल्या

पहिली किल्ली म्हणजे प्रॉक्सी. १९९९ मध्ये ख्रिस झगार या अमेरिकन ग्रंथपालाने ईझीप्रॉक्सी ही प्रणाली तयार केली. तुम्ही घरून आधी ग्रंथालयाच्या सर्व्हरवर लॉगिन करता. तो सर्व्हर तुमच्या वतीने प्रकाशकाकडे मागणी करतो. प्रकाशकाला दिसतो तो महाविद्यालयाचाच पत्ता.

दुसरी किल्ली शिबोलेथ. २००० मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या प्रकल्पात संस्था प्रकाशकाला फक्त एवढीच ग्वाही देते की हा वाचक आमचा आहे. पासवर्ड प्रकाशकाकडे जातच नाही. हे नाव बायबलमधून आले आहे. तिथल्या कथेत नदी ओलांडणाऱ्यांकडून हा शब्द उच्चारून घेत आणि उच्चारावरून आपला कोण, परका कोण हे ठरवत. भारतात याच पद्धतीवर इन्फ्लिबनेटचा ‘इन्फेड’ हा संघ चालतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि आवारे ओस पडली. ज्या संस्थांनी या किल्ल्या आधीच करून ठेवल्या होत्या, त्यांचे वाचन चालू राहिले.

भाडे कोण भरतो?

तंत्राचा प्रश्न असा सुटला. पैशांचा प्रश्न मात्र वेगळ्या वाटेने गेला. एकेका संस्थेला वर्गणी परवडेना, म्हणून २००३ मध्ये तांत्रिक संस्थांसाठी इंडेस्ट आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विद्यापीठांसाठी यूजीसी-इन्फोनेट हे संघ पुढे आले. २०१० मध्ये एन-लिस्ट आली. तिने महाविद्यालयीन वाचकांना थेट लॉगिन दिले. पण अभियांत्रिकी, वैद्यकीय आणि कृषी महाविद्यालये तिच्या कक्षेबाहेर होती. २०१५ मध्ये हे तिन्ही उपक्रम ई-शोधसिंधूत एकत्र झाले.

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेला मंजुरी दिली : तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक संस्था. पहिल्या टप्प्यात सरकारी उच्चशिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था आहेत. त्यामुळे आयआयटी भिलाईच्या विद्यार्थ्याला जे वाचता येते, ते त्याच दुर्ग जिल्ह्यातल्या खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला या योजनेतून मिळत नाही. दोघांकडे मोबाइल आहे, दोघांकडे इंटरनेट आहे. फरक कराराचा आहे.

आणि पदवी हाती पडल्यावर तुमचे लॉगिन बंद होते, तेव्हा तुम्हीही त्या कराराबाहेर जाता.

तुम्ही काय कराल?

आजच ग्रंथपालांना भेटा आणि घरून वापरायचे लॉगिन मागून घ्या. अनेक जण ते विचारतच नाहीत. पासवर्ड मित्राला देऊ नका आणि एका वेळी शेकडो निबंध उतरवू नका. तसे आढळल्यास प्रकाशक सगळ्या महाविद्यालयाचाच प्रवेश थांबवू शकतो. करार नसेल, तर शोधगंगेवरील प्रबंध आणि राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयातले खुले साहित्य पाहा. लेखकाला सरळ ईमेल करून निबंध मागण्यातही संकोच नको. पुष्कळ लेखक आनंदाने पाठवतात.

बडोद्याची पेटी गावी पोहोचायला वेळ लागे, आज निबंध क्षणात पोहोचतो. पण पेटीचे भाडे कोणी भरायचे आणि ती कोणत्या गावी पाठवायची, हे तेव्हाही माणसेच ठरवत होती आणि आजही माणसेच ठरवतात.

विचार करा : तुमच्या महाविद्यालयात वाचकाची ओळख जागेवरून पटते की नावावरून? त्या व्यवस्थेत कोण बाहेर राहते?