मूलभूत चौकट आली कुठून?

कायद्याच्या वर्गात न्यायालयीन पुनर्विलोकन शिकवायला घेतलं की केशवानंद भारती खटला येतोच. २४ एप्रिल १९७३, १३ न्यायमूर्ती, ७ विरुद्ध ६. संसद घटना दुरुस्त करू शकते, तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. मुलं उतरवून घेतात. पण असलं काही कलम घटनेत शोधून सापडत नाही. ते आलं कुठून, हे खरं शिकवण्यासारखं.

एक धागा चक्क पाकिस्तानातला. मंत्र्यांना राष्ट्रीय विधिमंडळातली जागाही राखता यावी म्हणून राष्ट्राध्यक्ष अयूब खान यांनी हुकूम काढून घटनेत फेरफार केला. घटनेच्या मूळ वैशिष्ट्याला असा हात लावता येणार नाही, असं १९६३मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बजावलं. या निकालाचा दाखला देत आपल्याकडे घटनादुरुस्तीला आव्हान देणाऱ्या सज्जनसिंह खटल्यात न्या. मुधोळकरांनी शंका काढली: मूळ वैशिष्ट्यच बदललं, तर ती दुरुस्ती की पुनर्लेखन? खटला सरकारने जिंकला. शंका निकालपत्रात राहिली.

दुसरा धागा बनारसचा. फेब्रुवारी १९६५मध्ये हायडेलबर्गचे प्राध्यापक डीट्रिश कॉनराड यांनी हिंदू विद्यापीठाच्या विधी विभागात व्याख्यान दिलं. त्यांचे प्रश्न मुद्दाम टोकाचे होते. जगण्याच्या हक्काचं कलम २१ दुरुस्तीने काढून टाकता येईल? मोगल बादशाही परत आणता येईल? आपल्याला हे विनोदी वाटेल. जर्मन माणसाला तसं वाटणं शक्य नव्हतं. १९३३मध्ये हिटलरच्या हाती कायदे करण्याची सत्ता दोन तृतीयांश मतांनीच, रीतसर गेली होती. म्हणूनच १९४९च्या जर्मन घटनेने काही तत्त्वं दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर ठेवली.

ते व्याख्यान ज्येष्ठ वकील एम. के. नंबियार यांच्या हाती पडलं. १९६७च्या गोलकनाथ खटल्यात दुरुस्तीच्या अधिकारालाही मर्यादा असतात, हा त्यातला युक्तिवाद त्यांनी मांडला. न्यायालयाने त्यात वजन आहे म्हटलं, पण निकाल दुसऱ्याच वाटेने दिला. १९७३मध्ये केशवानंद भारती खटल्यात नानी पालखीवालांनी हीच बाजू लढवली आणि ज्यांच्या मताने पारडं झुकलं त्या न्या. खन्नांनी कॉनराड यांचा नावानिशी आधार घेतला.

पुण्याचे न्या. यशवंत चंद्रचूड तेव्हा विरुद्ध बाजूच्या सहांत होते. पुढे आणीबाणीतल्या ४२व्या दुरुस्तीने, घटनादुरुस्तीला न्यायालयात आव्हानच देता येणार नाही, अशी तरतूद केली. १९८०मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात मूलभूत चौकटीचा आधार घेऊन ती रद्द करणारा बहुमताचा निकाल सरन्यायाधीश म्हणून त्यांनीच लिहिला.