चौघांचे सारखे वाटे

संघटना बाहेरच्या माराने मोडतात त्याहून अधिक घरातल्या वाटणीवरून मोडतात, हा आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांचा जुना अनुभव आहे. म्हणूनच अमेरिकेतील ‘आर. ई. एम.’ या वाद्यवृंदाचा इतिहास आम्ही मुद्दाम सांगावयास घेतला आहे.

जॉर्जिया राज्यातील अथेन्स हे विद्यापीठाचे गाव. तेथे १९८० साली चार तरुण एकत्र आले. मायकेल स्टाइप गाणारा, पीटर बक गिटार वाजविणारा, माइक मिल्स बेस गिटारवर आणि बिल बेरी ड्रमवर. बक तबकड्यांच्या दुकानात नोकरीस होता. त्यांचा पहिला कार्यक्रम झाला तो एका जुन्या चर्चमध्ये, मैत्रिणीच्या वाढदिवशी. पुढे एका गाडीत वाद्ये भरून ते गावोगाव हिंडले. विद्यार्थ्यांनी चालविलेल्या रेडिओ केंद्रांनी त्यांना हात दिला. या संगीतास पुढे ‘अल्टरनेटिव्ह रॉक’ म्हणू लागले. १९८३ साली ‘मर्मर’ ही पहिली मोठी तबकडी निघाली, १९८८ साली वॉर्नर या बड्या कंपनीशी करार झाला आणि १९९१ साली ‘आउट ऑफ टाइम’ अमेरिकेत खपात पहिली आली.

आता खरी मेख पाहा. या धंद्यात तबकडीवर वाजविल्याचे पैसे वेगळे आणि गाणे रचल्याची रॉयल्टी वेगळी. रचनाकार म्हणून ज्याचे नाव, त्याच्याच घरी ती रॉयल्टी वर्षानुवर्षे येते. ड्रमवाल्याच्या हाती बहुधा काही लागत नाही. येथे शब्द बहुतेक स्टाइपचे असत. तरी स्वतःच्या गाण्यांखाली नावे चौघांची, तीही आडनावांच्या वर्णानुक्रमाने. निर्णयातही एकाने ‘नाही’ म्हटले की बेत रद्द.

असमान कामाला समान वाटा हा अन्याय नव्हे काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, गाण्याचे पैसे एकट्यास मिळू लागले, की जो तो आपलेच गाणे पुढे रेटतो. चांगले कोणते, हे मग कोणी पाहत नाही.

कसोटीही लागली. १ मार्च १९९५ रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे, कार्यक्रम चालू असतानाच, बेरीच्या मेंदूतील रक्तवाहिनी फुटली. शस्त्रक्रियेने तो वाचला व पुन्हा वाजवू लागला. १९९६ साली वॉर्नरशी नवा करार झाला. तो आठ कोटी डॉलरांचा असल्याचे वृत्तपत्रांनी छापले. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९७ साली, बेरीने निवृत्ती घेतली. मात्र आपल्यामुळे संच मोडणार असेल तर आपण जाणार नाही, असे त्याने आधी सांगितले होते. तिघांनी काम चालू ठेवले. ड्रमसाठी माणसे घेतली, परंतु चौथा भागीदार केला नाही. अमेरिकेतला खप उतरला, तरी फूट पडली नाही. २१ सप्टेंबर २०११ रोजी त्यांनी सलोख्याने संच विसर्जित केला. २०२४ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला गीतकार म्हणून सन्मान झाला, तेव्हा चौघेही पुन्हा एकत्र वाजले.

कोट्यवधींची मिळकत होऊनही हे चौघे एका व्यासपीठावर येऊ शकले. आमच्या कित्येक युनियनांत वर्गणीच्या चार पैशांवरून दुरावलेली माणसे एकमेकांच्या दारी जात नाहीत. वाटणीचा नियम गरिबीतच ठरवून घ्यावा, एवढेच आम्हांस या इतिहासातून सांगावयाचे आहे.